‘ओन्ली यस्टरडे’ घरी यायला पंचवीस वर्षं का लागली

२०२५च्या मार्चमध्ये अर्ध्या व्हॉट्सॲपने आपले डीपी घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या स्टाइलमध्ये करून घेतले होते, लग्नाचे फोटो, बाळाचे फोटो, गावच्या वाड्याचे फोटो, सगळं. त्या निमित्ताने स्टुडिओचं नाव घरोघरी पोचलं. पण त्याच स्टुडिओचा माझा सगळ्यात लाडका सिनेमा विचारला तर दहातल्या नऊ जणांनी तो पाहिलेला नसतो, आणि त्याला कारण आहे. तो सिनेमा जगातल्या सगळ्यात मोठ्या व्हिडिओ मार्केटमध्ये, म्हणजे अमेरिकेत, दुकानाच्या शेल्फवर यायलाच पंचवीस वर्षं लागली. हे प्रकरण मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय, आज एकदा नीट लिहून काढते.

सिनेमाचं जपानी नाव ‘ओमोइदे पोरोपोरो’. ओमोइदे म्हणजे आठवणी आणि पोरोपोरो म्हणजे आपलं टपटप, डोळ्यांतून पाणी गळतं तसं. इंग्रजीत ‘ओन्ली यस्टरडे’. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. २० जुलै १९९१ला जपानात लागला आणि त्या वर्षीचा तिथला सगळ्यात जास्त चाललेला जपानी सिनेमा ठरला, म्हणजे कुठल्यातरी कोपऱ्यातला प्रायोगिक वगैरे सिनेमा नव्हे, हिट सिनेमा. अमेरिकेत ब्ल्यू-रे आणि डीव्हीडी आली ५ जुलै २०१६ला. मधल्या काळात प्रिंट हरवली नव्हती की स्टुडिओ बुडाला नव्हता, उलट त्याच स्टुडिओला ऑस्कर मिळालं होतं, त्याचे बाकीचे सिनेमे एकामागून एक निघत होते. हाच तेवढा राहिला.

आधी सिनेमात आहे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९८२ साल. ताएको ओकाजिमा, सत्तावीस वर्षांची, टोकियोत नोकरी करते, लग्न झालेलं नाही आणि घरचे मागे लागलेत. सुट्टी काढून ती यामागाताला निघते, बहिणीच्या सासरकडच्यांच्या शेतावर काम करायला. रात्रीच्या गाडीत बसते आणि तिच्यासोबत पाचवीतली ती स्वतः चढते, १९६६ची दहा वर्षांची ताएको. मग सिनेमाभर हे दोन काळ एकमेकांत ये-जा करत राहतात. मूळ कॉमिक होतारू ओकामोतो यांनी लिहिलेलं आणि युको तोने यांनी चित्रं काढलेलं, त्यात फक्त पाचवीतली मुलगी आहे. मोठी ताएको, यामागाता, शेत, शेती करणारा तोशियो, हे सगळं ताकाहातांनी नव्याने घातलं, आणि माझ्या मते सिनेमाचा जीव तिथेच आहे कारण नुसत्या शाळेच्या आठवणी गोड असतात पण त्या कुणाला आठवतायत आणि का आठवतायत ते कळलं की त्यांना वजन येतं.

त्या आठवणी इतक्या साध्या आहेत की सांगताना वाटतं यात काय. घरात पहिल्यांदा अख्खा अननस येतो, डब्यातल्या चकत्या सगळ्यांना माहीत पण ताजा कापायचा कसा कुणालाच माहीत नाही, मग एकदाचा कापतात, अख्खं घर गोल बसून पहिला घास घेतं आणि कुणी काही बोलत नाही. कच्चट आहे. एकेक जण बशी सरकवतो आणि ताएको तेवढी चावत राहते, चावत राहते. किंवा ते गणित, दोन तृतीयांश भागिले एक चतुर्थांश. उलटं करून गुणायचं हे तिला सांगितलंय पण तिला कळतच नाही की भागल्यावर उत्तर मोठं कसं येतं, म्हणून ती सफरचंद काढते, त्याचा दोन तृतीयांश भाग घेते आणि त्याचे चार तुकडे करून दाखवते. तिचं उत्तर एक षष्ठांश. बहीण वैतागते. पण तिचा प्रश्न खराच आहे की हो, आपल्याला तरी कुणी समजावलं होतं? ‘छेद वर अंश खाली कर आणि गुण’ म्हणून पाठ करून घेतलं, झालं.

आणि मग तो प्रसंग. शाळेत मुलींना जिममध्ये वेगळं बोलावून पाळीची माहिती देतात. ती बातमी मुलांपर्यंत पोचते. मग स्कर्ट उडवणं, चिडवणं, कोण पीटीला बसून राहतंय त्यावर नजर ठेवणं. मुलांनी नियमच काढलाय, पाळी आलेल्या मुलीचा हात लागलेला बॉल धरला की धरणाऱ्याला पाळी लागते, साथीसारखी. ताएकोची मैत्रीण रिए हिला पाळी सुरू झालीय, ती शांतपणे पीटीला बाजूला बसते, तिला काही वाटत नाही. ताएको शेजारी बसलीय ती नुसत्या सर्दीमुळे, पण जीव अर्धा झालाय तिचा, मुलांना वाटेल हिलाही.

हे सगळं जेमतेम काही मिनिटांचं आहे. रक्त दाखवलेलं नाही, अंग दाखवलेलं नाही, शिवी नाही. एका मुलीचा लाजेने लाल झालेला चेहरा दाखवलाय फक्त.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजी आठवली. आमच्याकडे पाळी हा शब्द नव्हताच, ‘कावळा शिवलाय’ म्हणायचे, कोपऱ्यात सतरंजी, वेगळं तांब्या-भांडं, आणि आम्ही लहान पोरं आत्याला हात लावायला गेलो की ‘शिवू नको’ म्हणून ओरडा. आता तो शब्द बघा, शिवणे म्हणजे स्पर्श करणे, आणि टोकियोतल्या पाचवीच्या वर्गातल्या त्या बॉलच्या नियमात तरी वेगळं काय आहे, तीच शिवाशिव. तिथे कावळा नाही, बॉल आहे. माझ्या शाळेतही मुलींना हॉलमध्ये बसवून मुलांना ग्राउंडवर पिटाळलं होतं आणि परत येताना प्रत्येकीच्या हातात एक पाकीट होतं, ते कंपास पेटीत मावेना, दप्तरात दिसेल म्हणून भीती, मी ते स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं मे महिना तोंडावर असताना. असो. सांगायचं एवढंच की या प्रसंगासाठी जपान माहीत असायची गरज नाही.

आता अडलं कुठे ते.

१९९६ साली डिस्ने आणि तोकुमा शोतेन यांचा करार झाला. तोकुमा म्हणजे स्टुडिओची त्या वेळची मालक प्रकाशन कंपनी. या कराराने स्टुडिओचे सिनेमे जगभर वितरणासाठी डिस्नेकडे गेले. त्यात एक अट होती, सिनेमातलं काहीही कापायचं नाही. ही अट हट्टातून आलेली नव्हती, पोळलेल्या अनुभवातून आली होती. १९८४चा ‘नौसिका’ अमेरिकेत १९८५ला ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ नावाने निघाला तेव्हा त्यातली वीसेक मिनिटं कापून, पात्रांची नावं बदलून त्याची पार वाट लावली होती. त्यानंतर स्टुडिओने ठरवलं की पुन्हा नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी निर्माते तोशियो सुझुकींनी मिरामॅक्सच्या हार्वी वाइनस्टीनला एक तलवारच भेट दिली आणि सोबत निरोप, कापायचं नाही. दंतकथेसारखी वाटते पण त्या सिनेमाचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी स्वतः मुलाखतीत सांगितलेली गोष्ट आहे.

तर डिस्नेच्या हातात आता सिनेमांचा गठ्ठा आहे. ‘किकी’ १९९८ला व्हिडिओवर आला. २००३मध्ये ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर डीव्हीडींची रांगच लागली. त्यात ‘ओन्ली यस्टरडे’ नाही. कारण म्हणून कायम एकच गोष्ट सांगितली जाते, पाळीचा उल्लेख. कापता येत नाही, ठेवून ‘फॅमिली’ म्हणून विकायचं धाडस नाही, म्हणून ठेवला बाजूला. बाजूला बसवला म्हणा ना, आपल्याकडे म्हणायचे तसं.

मला हे कारण खरं वाटतं पण पुरेसं वाटत नाही, आणि इथेच हे प्रकरण जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे.

ताकाहातांचाच १९९४चा ‘पोम पोको’ घ्या. त्यात तानुकी नावाचे प्राणी आहेत आणि जपानी लोककथेप्रमाणे त्यांचे अंडकोश मोठे असतात, सिनेमात ते त्यांची चटई करतात, पॅराशूट करतात, पडद्यावर सगळं उघड दिसतं. हा सिनेमा डिस्नेने २००५ला अमेरिकेत डीव्हीडीवर आणला. कसा? एकही फ्रेम न कापता फक्त इंग्रजी डबिंगमध्ये त्या अवयवाला ‘पाऊच’ म्हटलं, पिशवी. कराराची अटही पाळली आणि आई-वडिलांचे कानही वाचवले. म्हणजे मार्ग निघत होता, निघाला की लोक काढतात. पण तो मार्ग इथे चालत नाही कारण तिथे अडचण चित्रात होती आणि शब्दाने ती झाकता आली, इथे चित्रात काहीच नाही, अडचण म्हणजे शब्दच. मुलींना बोलावून नर्स बाईंनी काय सांगितलं? शब्द बदलला तर तो प्रसंगच उरत नाही, मग मुलगे कशावरून चिडवतायत आणि ही का रडकुंडीला आलीय हे कुणालाच कळणार नाही.

आणि समजा अट नसती, कापलाच असता तो प्रसंग, तर? सिनेमा दोन तासांचा, त्यातली काही मिनिटं. पण त्या आठवणीनंतरच गाडीत मोठी ताएको विचार करते की सुरवंटाला फुलपाखरू व्हायचं तर आधी कोश व्हावं लागतं, पाचवीतली मी आत्ता का आठवतेय, मला पुन्हा एकदा कोशात जायची वेळ आलीय की काय. अख्खा सिनेमा या एका वाक्यावर उभा आहे. ती मिनिटं काढली की हे वाक्य अधांतरी लटकतं, आणि मग सत्तावीस वर्षांची बाई करडईच्या शेतात का निघालीय याचं उत्तरच जातं.

करडई म्हटलं ना, ते जरा थांबून सांगते कारण माझ्यासाठी सिनेमाचा हा भाग घरचा आहे. यामागातात ज्याची शेती दाखवलीय ती बेनीबाना म्हणजे आपली करडईच. आजोळ बार्शीकडचं, तिथे रब्बीत ज्वारीसोबत करडई असायचीच, कोवळ्या पानांची भाजी आणि घाण्यावरचं तेल. पीक वाळलं की काटे असे होतात की अंगाला नुसतं घासलं तरी ओरखडे, म्हणून काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असतात तोवर. आणि सिनेमात बघते तर तेच! ताएको पहाटे गाडीतून उतरते आणि तशीच शेतात, ऊन चढायच्या आत फुलं खुडायची कारण दव आहे तोवर काटे बोचत नाहीत. फरक एवढाच की आपण बियांसाठी लावतो आणि ते पाकळ्यांसाठी. त्या पाकळ्या धुऊन, आंबवून, कुटून त्यांच्या चपट्या वड्या करून वाळवतात, त्यातून निघतो लाल रंग, ओठांना लावायचा, रेशमाला द्यायचा. ताएको सांगते की पूर्वी फुलं खुडणाऱ्या मुलींची बोटं काट्यांनी रक्ताळायची आणि त्यांच्या रक्ताने तो लाल आणखी गडद व्हायचा असं म्हणतात, आणि त्या मुलींच्या स्वतःच्या ओठांना तो रंग जन्मात कधी लागला नाही. आता ज्या सिनेमात हे आहे त्यात रक्ताची, बाईपणाची गोष्ट एका प्रसंगापुरती आहे असं कुणी कसं म्हणेल, ती सगळीकडे झिरपलेली आहे. कात्री कुठे लावणार होता?

पण मी म्हटलं की पाळी हे कारण पुरेसं नाही. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. या सिनेमात जादू नाही, उडणारं काही नाही, गुबगुबीत प्राणी नाही, खलनायक नाही. एक बाई शेतात काम करते, गाडीत बसून बोलते, रडते, विचार करते. ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं ही समजूत पक्की असलेल्या दुकानात याला कुठल्या शेल्फवर ठेवणार? लहान मुलांच्या शेल्फवर ठेवला तर मुलं कंटाळणार आणि पालक दचकणार, मोठ्यांच्या शेल्फवर ठेवला तर कार्टून म्हणून कुणी उचलणार नाही. ‘ओशन वेव्हज’ हा त्याच स्टुडिओचा १९९३चा टीव्हीसाठी केलेला हायस्कूलमधल्या मुलांचा सिनेमा, तोही अमेरिकेत असाच मागे राहिला, त्यातही जादू नाही. दोन साधे, माणसांचे सिनेमे मागे राहिले हा मला योगायोग वाटत नाही.

मग दुसरं काही करता आलं असतं का? आलं असतं. ‘मोनोनोके’ डिस्नेच्या नावाने न आणता त्यांच्याच ताब्यातल्या मिरामॅक्सच्या नावाने १९९९ला आणला होताच, म्हणजे मोठ्यांसाठीचं वेगळं दार उपलब्ध होतं. डबिंगचा खर्च नको असेल तर नुसत्या सबटायटलची छोटी आवृत्ती काढता आली असती. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे जपानात या सिनेमाची डीव्हीडी काढणारी कंपनी डिस्नेचीच जपानी शाखा होती! म्हणजे एकाच घराण्याच्या टोकियोच्या दुकानात तो उजळ माथ्याने विकला जात होता, आणि अमेरिकेच्या दुकानात नव्हता.

२००६च्या जानेवारीत टर्नर क्लासिक मूव्हीज या चॅनेलने अमेरिकेत तो दाखवला, न कापता, सबटायटलसह. आणि २००६लाच ब्रिटनमध्ये डीव्हीडी आली, ऑप्टिमम कंपनीची.

माझ्याकडे आली ती हीच ब्रिटनची प्रत. आतेभाऊ २००८ला लंडनहून येताना घेऊन आला. घरच्या प्लेअरने ती घेतलीच नाही, कारण रीजन. ज्यांनी हा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी, डीव्हीडीवर जगाचे भाग पाडलेले असायचे, अमेरिका एक नंबर, जपान आणि युरोप दोन, ऑस्ट्रेलिया चार, आपण पाच. एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर चालायची नाही. मग लॅपटॉपमध्ये घातली तर चौकोन आला, या ड्राइव्हचं रीजन बदलायचं का, एकूण फक्त पाच वेळाच बदलता येईल, शेवटी जो ठेवाल तो कायमचा. मी रात्री अकरा वाजता त्या चौकोनाकडे बघत बसले होते, म्हणजे एका दहा वर्षांच्या मुलीची अननसाची गोष्ट बघायला आधी आपण कुठल्या खंडात राहतो ते यंत्राला खोटं सांगायचं. ‘हो’ दाबलं. आजही तो लॅपटॉप माळ्यावर आहे आणि त्याच्या लेखी मी युरोपात राहते.

आता डिस्कच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडं, कारण या सिनेमात ती बाजू साधी नाही. १९६६चे प्रसंग ताकाहातांनी मुद्दाम फिकट ठेवलेत, जलरंगासारखे, फ्रेमच्या कडा पांढऱ्यात विरून जातात, मधलं तेवढं स्पष्ट आणि बाकी कागद कोरा, आठवण असते तशी. १९८२चे प्रसंग मात्र कोपऱ्यापर्यंत भरलेले, प्रत्येक पान रंगवलेलं. हा फरक कळला नाही तर सिनेमा अर्धाच कळतो. जुन्या टेपवर किंवा कमी दर्जाच्या फाइलवर तो फिकट भाग नुसता धुरकट दिसतो, वाटतं रंग उडालाय. ब्ल्यू-रेवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पांढऱ्यात किती हलके रंग आहेत ते दिसलं, वर्गाच्या खिडकीबाहेरचा फिकट निळा वगैरे, मी काही ठिकाणी थांबवून नुसती बघत बसले. शिवाय युरोपातल्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, चोवीस फ्रेमचा सिनेमा सेकंदाला पंचवीसने पळवतात, दोन तासांच्या सिनेमातून जवळपास पाच मिनिटं अशीच जातात. कापलेलं काही नाही पण सगळं किंचित घाईत. ज्या सिनेमाचा सगळा अर्थ थांबण्यात आहे त्याला हे बरं नव्हे.

२०११ला अमेरिकेत या स्टुडिओच्या सिनेमांचे थिएटरचे हक्क जीकिड्स या न्यूयॉर्कच्या लहान कंपनीकडे गेले. एरिक बेकमन यांनी २००८ला सुरू केलेली, त्याआधी ते मुलांच्या सिनेमांचा फेस्टिव्हल भरवायचे. म्हणजे वर्षानुवर्षं परक्या भाषांतले सिनेमे मुलांना दाखवून त्यांचे चेहरे बघितलेला माणूस. मला वाटतं फरक इथे पडला. ज्यांनी थिएटरात बसून पोरांचे प्रश्न ऐकलेत त्यांना पाळी या शब्दाची भीती वाटत नाही. जीकिड्सने पंचवीस वर्षांचं निमित्त धरून इंग्रजी डबिंग करून घेतलं, २०१६च्या सुरुवातीला थिएटरात लावला आणि जुलैत डिस्क काढली, युनिव्हर्सलच्या वितरणातून. रेटिंग मिळालं पीजी, म्हणजे आई-वडिलांनी जरा लक्ष ठेवा, बास. इतकी वर्षं ज्याचा बाऊ झाला त्याला एवढंसं लेबल पुरलं.

डबिंगमध्ये मोठ्या ताएकोचा आवाज डेझी रिडलीचा, नुकतीच स्टार वॉर्समुळे जगभर नाव झालेली, आणि तोशियोचा आवाज देव पटेलचा. हे काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. जपानात नेहमी ॲनिमेशन आधी होतं आणि आवाज नंतर, पण ताकाहातांनी मोठ्या ताएकोचे प्रसंग उलट केले, मिकी इमाई आणि तोशिरो यानागिबा यांचे संवाद आधी रेकॉर्ड केले आणि त्यांच्या ओठांवरून, गालांवरून चेहरे काढले. हसताना ताएकोच्या गालावर ज्या रेघा पडतात त्या काहींना अजिबात आवडत नाहीत, वय जास्त दिसतं म्हणतात, मला त्या फार आवडतात कारण हसल्यावर गाल असेच होतात, कार्टूनवाले दाखवत नाहीत इतकंच. तर त्या तोंडात आता इंग्रजी बसवायचं. बरंच जमलंय. तरी माझं मत, जपानीतच बघा, कारण शेतावरची माणसं यामागाताची बोली बोलतात आणि टोकियोची ताएको प्रमाण बोलते, तो फरक कानाला कळतो भाषा येत नसली तरी. पुण्याची मुलगी चंदगडला गेली तर कसं वाटेल तसं.

डिस्कवर सिनेमा कसा झाला त्याची फिल्म आहे, स्टोरीबोर्ड आहेत, पण त्या मला फार महत्त्वाच्या वाटत नाहीत. महत्त्वाचं एकच, सिनेमा पूर्ण आहे.

आणि माझं या प्रकरणातलं म्हणणंही तेवढ्याभोवतीच आहे. कापायचं नाही या अटीनेच सिनेमा वीस वर्षं बाहेर ठेवला हे खरं, पण त्याच अटीने तो वाचवलाही. १९९७ला कापलेली व्हीएचएस आली असती तर लोकांनी तीच पाहिली असती, ‘पाहिलाय, ठीक आहे’ म्हणाले असते आणि पूर्ण सिनेमाची वाट बघायला कुणी उरलंच नसतं. स्टुडिओने विक्री सोडली पण प्रसंग सोडला नाही, हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण त्याची किंमत कुणी मोजली तेही बघा. करार झाला तेव्हा दहा वर्षांची असलेली अमेरिकेतली मुलगी डिस्क आली तेव्हा तीस वर्षांची होती. पाचवीतल्या ताएकोच्या वयात हा सिनेमा तिला मिळाला नाही आणि सत्तावीसच्या ताएकोच्या वयातही नाही, दोन्ही गाड्या चुकल्या. ज्या मुलीला जिममध्ये मुलं चिडवत होती तिलाच हा हवा होता, आणि तिच्यापासूनच तो लांब ठेवला गेला तिच्याच काळजीपोटी. याचा मला राग येतो, अजून येतो.

दुसरं म्हणजे, घरी बघायची डिस्क म्हणून हा अडला हे तर मला पटतच नाही. थिएटरात असा प्रसंग आला तर आई मुलीकडे बघेल, मुलगी पडद्याकडे, आणि सिनेमा पुढे जाईल. घरात रिमोट हातात असतो. थांबवता येतं. विचारता येतं. या सिनेमाला पॉजचं बटण असलेली जागाच हवी होती.

आपल्याकडे तो सहज मिळायला लागला १ फेब्रुवारी २०२०पासून, नेटफ्लिक्सने अमेरिका, कॅनडा आणि जपान सोडून जगभर या स्टुडिओचे एकवीस सिनेमे तीन महिन्यांत आणले आणि पहिल्याच हप्त्यात हा होता. रीजन नाही, कस्टम नाही, लंडनचा आतेभाऊ नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात भाची आमच्याकडे होती, ती तेव्हा पाचवीतच, शाळा ऑनलाइन. मी, ताई आणि ती, तिघींनी बघितला. ताईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. जिमचा प्रसंग आला आणि ताई शेंगा सोलता सोलता थांबली, माझ्याकडे बघितलं, मी पॉज केलं नाही. बॉलचा नियम आला तेव्हा भाचीने स्वतःच थांबवलं.

“मावशी, बॉलने कसं होईल? येडे आहेत का ते?”

“कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.”

“मग त्यांनाही हॉलमध्ये बसवायचं ना.”

ताई म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?” आणि मग त्या दोघी बोलत बसल्या, अर्धा तास तरी, पडद्यावर ताएको तशीच लाल चेहऱ्याने थांबलेली. मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर सिनेमा पुढे सरकून सफरचंदावर आला होता आणि भाची वही घेऊन तेच सफरचंद काढत होती, तिचं म्हणणं ताएकोचंच उत्तर बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर बाईंच्या नियमाचं कारण तिला समजावताना माझी चांगलीच दमछाक झाली.

शेवटी ताएको परतीच्या गाडीत बसते, नावं वर सरकायला लागतात, ‘द रोझ’ या गाण्याचं ताकाहातांनी स्वतः केलेलं जपानी रूप हारूमी मियाको यांच्या आवाजात सुरू होतं. ताईने उठून दिवा लावला आणि रिमोट उचलला. मी काही बोलायच्या आत भाची ओरडली, “अगं आई थांब, संपला नाहीये!” गाडीच्या सीटमागून पाचवीचा अख्खा वर्ग डोकावत होता, आणि छोटी ताएको मोठीची बाही ओढत होती.